टुरॉक, क्रेटोस आणि आमचा धोंड्या

दोस्तांनो, हा अंक हाती पडेल तेव्हा तुमच्यापैकी कुणीतरी नुकताच बाप झालेला असेल, कुणी आई. म्हणून आजच बोलून घेतो. पोराचं नाव ठेवायचं म्हणजे मोबाईल उघडायचा आणि एखाद्या गेममधला लढवय्या नाहीतर मालिकेतली ड्रॅगनवाली राणी उचलून आणायची, ही खोड आता आपल्या वस्तीपर्यंत आलेली आहे. पेठेतले विनोदी लेखक ह्यावर हसतात. हसू देत. त्यांच्या आज्यापणज्यांना नाव ठेवण्याचा हक्क कुणाकडं मागावा लागला नव्हता, त्यामुळे नाव ही त्यांना खिडकीच्या पडद्यासारखी आवडीनिवडीची बाब वाटते. आपल्यासाठी नाव हा सातबारा आहे. आणि सातबारा कुणाच्या नावावर चढतोय हे न बघता अंगठा देणाऱ्यांचं काय झालं, ते आपल्या घराघरात माहीत आहे.

आधी हा नावांचा बाजार कसा चालतो ते बघा. अमेरिकेत बेथेस्डा नावाची गेम काढणारी कंपनी आहे. २०११ साली तिचा 'स्कायरिम' हा गेम ११ नोव्हेंबरला यायचा होता. कंपनीनं आधीच दवंडी दिली की बरोबर त्या दिवशी ज्यांना मूल होईल आणि जे त्याचं नाव 'डोवाकिन' ठेवतील, त्यांना आमचे आजवरचे आणि ह्यापुढचे सगळे गेम फुकट. डोवाकिन म्हणजे त्या गेमचा नायक, ड्रॅगनांच्या बनावट भाषेतला शब्द. ड्रॅगनचं रक्त घेऊन जन्मलेला. एका जोडप्याला त्या दिवशी मुलगा झाला. त्यांनी ते नाव ठेवलं, बक्षीस जिंकलं. पुढं २०२० साली मायक्रोसॉफ्टनं बेथेस्डाची मालक कंपनी साडेसात अब्ज डॉलरला विकत घेण्याचा सौदा जाहीर केला. त्या रकमेत ह्या पोराच्या नावाचे किती धरले होते, कुणी विचारलं? पोरगा जन्मभर चालतीबोलती जाहिरात, मजुरी म्हणून बापाला खेळणी. आपल्याकडं असल्या कामाला वेठ म्हणत. आमच्या आज्यांनी ती केली, म्हणून शब्द ठाऊक आहे.

त्याच्या आधीची गोष्ट ह्याहून घाण आहे. २००२ साली अक्लेम नावाच्या कंपनीनं जाहीर केलं की १ सप्टेंबरला जन्मलेल्या बाळाचं नाव 'टुरॉक' ठेवा आणि दहा हजार डॉलरचा बाँड घ्या. का, तर त्या दिवशी त्यांचा टुरॉकचा गेम बाजारात येणार होता. ब्रिटनमध्ये तर मोठ्या माणसांना वर्षभरासाठी कायद्यानं टुरॉक व्हायला पाचशे पौंड देऊ केले. आता हा टुरॉक कोण? १९५४ सालच्या एका चित्रकथेतून आलेला अमेरिकेचा मूळनिवासी शिकारी. डायनासोर मारतो. हातात धनुष्य, डोक्याला पीस.

खऱ्या मूळनिवासींच्या पोरांचं त्याच अमेरिकेत काय झालं ते ह्याच्या शेजारी ठेवून वाचा. १८७९ साली पेनसिल्व्हेनियात कार्लाइल इथं त्यांच्यासाठी सरकारी निवासी शाळा निघाली. लाकोटा जमातीचा एक पोरगा तिथं पहिल्याच वर्षी दाखल झाला. त्याचं घरचं नाव ओटा क्टे. मास्तरणीनं फळ्यावर इंग्रजी नावं लिहिली होती आणि पोराच्या हातात छडी देऊन एकाकडं बोट दाखवायला लावलं. पोराला अक्षर वाचता येत नव्हतं. त्यानं छडी ठेवली आणि तो ल्यूथर झाला. नाव फडक्यावर लिहून सदऱ्याच्या पाठीवर शिवलं गेलं. ल्यूथर स्टँडिंग बेअर म्हणून पुढं त्यानं पुस्तकं लिहिली, त्यात हे सगळं आहे. म्हणजे खऱ्या पोराचं नाव छडीनं पुसलं, आणि सव्वाशे वर्षांनी त्याच माणसांचं खोटं चित्र काढून त्या चित्राचं नाव पोराला चिकटवायला पैसे वाटले. अक्लेमचं २००४ मध्ये दिवाळं वाजलं. त्याबद्दल आम्हाला दुःख नाही.

हे वाचताना मनू आठवला नसेल तर दुसऱ्या अध्यायापासून पुन्हा सुरुवात करा. ब्राह्मणाचं नाव मंगल असावं, क्षत्रियाचं बळाचं, वैश्याचं धनाचं, आणि शूद्राचं नाव ऐकून किळस यावी असं असावं, वर त्याला चाकरीचं शेपूट लावावं, असा त्याचा हुकूम आहे. हे शूद्रांसाठी. आपण तर गावकुसाबाहेर. आपल्याला हुकमाचीही गरज पडली नाही, नावं आपोआप पडली. कचरू, केरू, धोंडू, दगडू, भिकू, उकिरड्या. सोमवारी झाला तो सोमा, बुधवारी झाला तो बुधा. कॅलेंडरनं ठेवलेली नावं.

इथं कुणीतरी विद्वान लगेच म्हणेल, अहो, दगडू-धोंडू तर कुणब्याच्याही घरात होते. मूल जगत नसलं की ओंगळ नाव ठेवायचं, म्हणजे काळाची नजर जात नाही. बरोबर आहे, होते. आमच्याही आयांनी त्याच भीतीनं ठेवली. पण पुढं काय होत होतं ते बघा. पाटलाचा धोंडू मिसरूड फुटलं की धोंडिबा होई, पुढं धोंडिबा पाटील, म्हातारपणी धोंडिबाआबा. आमचा धोंडू वयाच्या सत्तरीतही धोंड्याच. पाटलाच्या दहा वर्षांच्या पोरानं त्याला अरे धोंड्या म्हणून हाळी द्यायची आणि म्हाताऱ्यानं जी म्हणून धावायचं. नाव एकच, 'बा' एकाला आणि 'ड्या' दुसऱ्याला. जात नुसती आडनावात राहते असं समजणाऱ्यांनी मराठीचं हे व्याकरण एकदा नीट शिकावं. शाळेच्या पुस्तकात ते नाही.

बाईचं तर विचारू नका. मुलगी नको म्हणून नकुसा. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा पावणेतीनशेहून अधिक मुलींची नावं सरकारी कार्यक्रमात बदलली. म्हणजे एकविसाव्या शतकात शाळेच्या हजेरीत बाई रोज सकाळी 'नको असलेली' म्हणून हाक मारीत होत्या आणि पोरगी 'हजर' म्हणत होती.

ह्या सगळ्याला बाबासाहेबांनी काय उत्तर दिलं? २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली हे आपण दरवर्षी सांगतो. पण जाळल्यावर मोकळ्या झालेल्या जागी त्यांनी काय मांडलं ते कमी सांगतो. घर बांधलं, नाव राजगृह. १९४६ साली मुंबईत कॉलेज काढलं, नाव सिद्धार्थ. तेव्हाच्या औरंगाबादेत काढलं, त्याचं नाव मिलिंद. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर, जो भिक्खू नागसेनाला प्रश्नावर प्रश्न विचारीत गेला. मराठवाड्यात आमच्या पोरांना पाणी प्यायला वेगळा डेरा होता तेव्हा त्यांच्या कॉलेजला प्रश्न विचारणाऱ्या राजाचं नाव! आणि १४ ऑक्टोबर १९५६ नंतर तर पाळण्यातच क्रांती झाली. एका पिढीत कचरूच्या घरी राहुल आला, भिकूच्या घरी आनंद, केराबाईच्या मांडीवर संघमित्रा, प्रज्ञा, यशोधरा. कुठल्या सरकारचा जीआर नव्हता, कुठल्या कंपनीचा बाँड नव्हता. अक्षरशत्रू बायांनी पाली शब्द जिभेवर घोळवून घोळवून बसवले. मला विचाराल तर दलित साहित्याची पहिली ओळ त्यांनी लिहिली. आपण मंडळी नंतरची.

आणि नावाची किंमत काय असते ते २७ जुलै १९७८ नंतर कळलं. विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यातले आपले वाडे पेटले. पोचिराम कांबळे गेले. १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारेनं स्वतःला जाळून घेतलं. १४ जानेवारी १९९४ ला नाव लागलं, तेही नामांतर म्हणून नाही, नामविस्तार म्हणून. एका पाटीवरच्या अक्षरांसाठी साडेपंधरा वर्षं. ज्यांना वाटतं नावात काय आहे, त्यांनी जळलेल्या झोपड्यांचे पंचनामे वाचावेत.

एवढं झालं आणि आता आपलीच पोरं काय म्हणतात? आपल्या अभ्यासवर्गाला येणारा एक तरुण आहे, कंपनीत कंत्राटावर. हुशार, वाचणारा. मुलगा झाला, पेढे घेऊन आला. नाव काय ठेवणार विचारलं तर म्हणाला, क्रेटोस.

"हा कोण बाबा?"

"दादा, गेममधला हाय. देवांना मारतो. एकेका देवाला हुडकून मारतो, शेवटी बापालापण, झ्यूसला. बावीस प्रतिज्ञा काय सांगतात? मंग?"

मला हसू आलं आणि पोराचं कौतुकही वाटलं. युक्तिवाद वाईट नाही. 'गॉड ऑफ वॉर' हा तो गेम, सोनीचा, २००५ पासूनचा. पण मी त्याला म्हटलं, लेका, जरा मागं जाऊन बघ. ग्रीकांच्या जुन्या नाटकात क्रेटोस आहे. एस्किलसच्या नावावर चालणाऱ्या 'प्रॉमिथियस'च्या नाटकात तो पहिल्याच प्रवेशात येतो. कशाला? ज्यानं देवांचा अग्नी चोरून माणसांना दिला त्या प्रॉमिथियसला खडकाला साखळदंडानं बांधून घ्यायला. लोहार कचरतो, तर हा त्याला दरडावतो, ठोक अजून, घट्ट ठोक. क्रेटोस म्हणजे झ्यूसचा फौजदार. तू पोराला फौजदाराचं नाव ठेवतोयस.

तो गप्प बसला. मग खालच्या आवाजात खरं बोलला.

"दादा, ते ऱ्हाऊ द्या. खरं सांगू? ह्या नावाला जात नाही. सिद्धार्थ म्हटलं, मिलिंद म्हटलं, की समोरचा वळखतो. भाड्यानं खोली बघायला गेलो तर नाव ऐकून मालक म्हणतो, आत्ताच दिली. क्रेटोस म्हटल्यावर काय वळखणार?"

दोस्तांनो, ह्या वाक्यावर मात्र हसता येत नाही. ह्या माणसाला बेगडी म्हणणं सोपं आहे. व्यासपीठावरून म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि त्यातल्या काहींची स्वतःची नातवंडं आरव आणि विहान आहेत. पण त्या पोराचा हिशेब चुकतो कुठं ते सांगायला पाहिजे. नाव क्रेटोस, पुढं आडनाव तेच. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर धर्म आणि जात असा रकाना आहे, तो गेम कंपनी भरणार नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज, जातीचा दाखला, पडताळणी, सगळीकडं तो क्रेटोस आपल्या जातीसह उभा राहणार. खोलीमालक नावावर अडला नाही तर आडनावावर अडेल, आडनाव झाकलं तर गाव विचारेल, गाव सांगितलं तर भिंतीवरच्या फोटोकडं बघेल. म्हणजे लपवायचं ते लपत नाहीच. उलट, राहुल नावाच्या पोराला कुणी हिणवलं तर त्याच्या पाठीशी एक गोष्ट असते, आजीनं सांगितलेली. क्रेटोसच्या पाठीशी काय? डिस्क. जात तशीच, आणि इतिहास मात्र गहाण.

बरं, ती डिस्कसुद्धा आपली नाही. 'गेम ऑफ थ्रोन्स' मालिकेतल्या खलीसीचं बघा. अमेरिकेत २०१२ साली १४६ मुलींचं नाव खलीसी ठेवलं गेलं, २०१८ साली ५६०. मुळात ते नावच नाही, तो हुद्दा आहे, टोळीच्या सरदाराची बायको. आपल्याकडं पोरीचं नाव 'पाटलीणबाई' ठेवल्यासारखं. पण बाईची गोष्ट जोरदार होती. ती गुलामांच्या साखळ्या तोडत होती. काळ्या-गोऱ्या आयांना ती आवडली तर नवल नाही. २०१९ साली शेवटच्या भागांत लिहिणाऱ्यांनी तिलाच शरण आलेलं शहर जाळायला लावलं. तोवर शेकडो खलीसी बालवाडीत जात होत्या. आयांनी काय करावं? गोष्ट त्यांच्या हातात नव्हती. मुक्ता साळवेची गोष्ट अशी कुणाला फिरवता येईल? मांगाच्या घरची पोरगी, फुल्यांच्या शाळेत शिकली, १८५५ साली तिचा निबंध 'ज्ञानोदया'त छापून आला. पुढच्या सीझनला ती बदलणार नाही.

पुढचं ऐका. २०२४ साली ब्रिटनमधल्या स्विंडन गावात सहा वर्षांच्या एका खलीसीचा पासपोर्ट अडला. कार्यालय म्हणालं, हे नाव वॉर्नर ब्रदर्सच्या मालकीचं आहे, त्यांची परवानगी आणा. आईनं वकील गाठले. ट्रेडमार्क मालाला असतो, माणसाला नसतो, असं त्यांनी दाखवून दिलं तेव्हा कार्यालयानं चूक कबूल केली आणि माफी मागितली. चूक होती, मान्य. पण सरकारी खुर्चीतल्या माणसाला क्षणभर का होईना असं वाटलं की ह्या पोरीला मालक आहे. धन्याची चिठ्ठी आणल्याशिवाय वेस ओलांडायची नाही. हे वाक्य आपल्या कानांना नवीन आहे काय?

आता मला उलट प्रश्न येणार. तुमचे मिलिंद-नागसेन, सुजाता ह्यासुद्धा गोष्टीच की. गोष्टीतलं नाव ठेवूच नये काय? असं मी म्हणत नाही. अॅलेक्स हेलीची 'रूट्स' १९७६ साली आली, जानेवारी १९७७ मध्ये टीव्हीवर आली. त्यात कुंटा किंटेला टोबी हे नाव घ्यावं म्हणून चाबकानं फोडतात. त्याच्या मुलीचं नाव किझी. बापाच्या मँडिंका बोलीतलं म्हणून तो ठेवतो. अर्थ, तू इथंच थांब. कुणी विकून नेऊ नये म्हणून. आमच्या दगडूसारखंच, फक्त तिथं काळाच्या जागी सावकार होता. पुढं तिला विकतातच. त्या मालिकेनंतर अमेरिकेतल्या काळ्या घरांत किझी नावाच्या मुलींची एकदम लाट आली. किझी कादंबरीतलं पात्र होती. टीव्हीवरून आली, जाहिरातींच्या मधून आली. तरी त्या आयांनी ती आपली म्हणून ओळखली, कारण ती त्यांच्याच आजीच्या पाठीवरचा वळ होती. कॅसियस क्ले १९६४ साली मुहम्मद अली झाला, माल्कमनं धन्याचं आडनाव टाकून नुसती फुली लावली, त्यातलंच हे.

आणि साताऱ्याच्या त्या नकुसांपैकी काहींनी नवं नाव म्हणून चक्क सिनेमातल्या नट्यांची नावं घेतली. पांढरपेशे हसले असतील. मी हसत नाही. जन्मल्यापासून 'नको' ऐकलेल्या पोरीनं पहिल्यांदा स्वतःच्या तोंडानं स्वतःचं नाव सांगितलं, तिनं ऐश्वर्या म्हटलं काय नि आणखी काय म्हटलं काय. पाळण्यातलं पोरगं बोलू शकत नाही एवढाच फरक आहे, आणि त्याच्या वतीनं बोलणाऱ्यानं तेवढं भान ठेवायला पाहिजे.

एक तक्रार खरी आहे. आपल्याकडं नावं तीच तीच झालीत. गल्लीत सिद्धार्थ म्हणून हाक मारली तर चार दारं उघडतात. पण दोष पिटकाचा नाही, आपण उघडत नाही त्याचा आहे. उपाली न्हावी होता आणि विनयाचा सगळ्यात मोठा जाणकार झाला. सुनीत झाडूवाला होता, थेर झाला. पटाचारा, खेमा, सोपाक. ह्यातलं एक तरी नाव तुमच्या वस्तीत आहे का? बिरसा आहे? फातिमा शेखची फातिमा आहे? ती ठेवायला कुठल्या भन्तेनं हात धरलाय? तोवर तिकडं टीव्हीवर २००८ पासून 'छोटा भीम' चालू आहे. लाडू खाऊन ताकद येणारा, धोतरवाला, महाभारतातला उसना. आपल्या बालवाडीत जाऊन 'भीम' म्हणा. किती पोरं 'जय' म्हणतात आणि किती 'लाडू', ते स्वतः मोजून या.

पुढच्या महिन्यात वस्तीत तीन नामकरणं आहेत. त्या आधी एक कागदाची गोष्ट सांगून ठेवतो. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांसाठी महाराष्ट्र सरकारनं नियम केलाय की सरकारी कागदावर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग बापाचं, मग आडनाव. आजवर ती बाई कागदावर नव्हती आणि नाव ठरवतानाही बहुतेक घरांत नव्हती. मोबाईलवर गेम खेळतो तोही बहुतेक बापच. तेव्हा अर्ज भरण्याआधी बाळंतिणीपाशी बसा. नाव तिच्यासमोर दहा वेळा मोठ्यानं म्हणा; रात्री दोन वाजता रडणाऱ्या पोराला ते नाव घेऊन तिलाच झोपवायचं आहे. आजी असेल तर तिच्या तोंडात बसतंय का बघा. आणि सगळं ऐकून घेऊनही ती माउली क्रेटोसच म्हणाली, तर तिला गुरुवारच्या अभ्यासवर्गाला घेऊन या. नवऱ्याला घरी पोराजवळ बसवा.